वखार वाचली, त्याची हकीकत

फायबरची मूर्ती करायला कला नंतर लागते, आधी जागा लागते. हे मी सत्कारात बोलले की लोक हसतात. त्यांना वाटतं बाई विनोदी आहेत. दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हाही मी संपादकांना म्हटलं, माझ्या कलेच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, जागेच्या प्रवासाबद्दल मात्र आहे. ते म्हणाले, तेच लिहा. तर लिहितेय.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी मूर्ती मातीत घडवायची. तिच्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, तोही तुकड्यातुकड्यांनी, नाहीतर निघत नाही. साच्याला आतून मेण चोळायचं, मग रेझिन आणि काचेच्या धाग्यांचं कापड यांचे थर एकावर एक चढवायचे. कडक झालं की साचा सोडवायचा, तुकडे जोडायचे, घासायचे, रंगवायचे. रेझिनच्या वासाने नवख्या माणसाचं डोकं दुखतं. घासताना पांढरी धूळ उडते आणि ती अंगाला लागली की खाजवून खाजवून जीव जातो. मी हातांना खोबरेल लावून काम करायचे. बसलेला बुद्ध माणसापेक्षा मोठा असतो. त्याला उंच छत लागतं, पाणी लागतं, खराब झालेली चालेल अशी जमीन लागते आणि तक्रार न करणारे शेजारी लागतात. यातलं एकही फ्लॅटमध्ये मिळत नाही.

मी करून बघितलंय. लग्नानंतर आम्ही मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत भाड्याने राहायचो. वडील सिनेमाच्या सेटसाठी पुतळे ओतायचे, त्यांच्याकडून मी शिकले होते. वाटलं, गच्चीवर करू. पहिल्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून वर आले. गॅस लीक झाला असं समजून खालच्या मजल्यावरच्यांनी चहासुद्धा टाकला नव्हता. त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या घरावर कोणी रेझिन ओतत बसलं असतं तर मीही वर गेले असते.

त्यानंतर मला वखार सापडली. भाईंदरच्या खाडीकडच्या जुन्या गावात ती उभी होती, आजही आहे. मिठागरांचा माल ठेवायला बांधलेली, जाड दगडी भिंतींची, कौलारू. पुढे लांबच लांब हॉल आणि मागे कारकुनांच्या खोल्या. मिठाचा धंदा आटला तशी ती गावकीच्या ताब्यात आली. गावकी म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची मिळून संस्था. लग्न, साखरपुडा, दहावं-बारावं सगळं त्या हॉलमध्ये व्हायचं. भिंतींत मीठ इतकं मुरलेलं की पावसाळ्यात गिलावा सुटून पडायचा.

मागच्या एका खोलीत बाबूराव पेंटर बसायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते नाटकांचे पडदे रंगवायचे. महाल, रस्ता, जंगल, देऊळ. आगरी-कोळी गावांतून जत्रेला नाटक असतं आणि त्या काळी पडद्याशिवाय नाटक होत नसे. पडदा रंगवायला तो जमिनीवर अंथरावा लागतो. काका अनवाणी त्या कापडावर उभे राहून लांब दांड्याच्या ब्रशने रंगवत मागे मागे जायचे. शेजारच्या खोलीत उस्मानभाई हार्मोनियम दुरुस्त करायचे. गावात तिला पेटी म्हणतात. भजनी मंडळं, कव्वालीवाले, शाळा, सगळ्यांच्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. तिसऱ्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरलेल्या होत्या. ती मला मिळेल का, म्हणून मी पाटीलबाबांकडे गेले.

पाटीलबाबा गावकीचे प्रमुख होते. मी आडनाव सांगितलं, बुद्धमूर्ती करते म्हणून सांगितलं. बसलेल्यांपैकी एकदोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मला लहानपणापासून ओळखीचं आहे. पाटीलबाबांनी एवढंच विचारलं की देवीच्या पालखीपुढचा वाघ करता येईल का, जुना लाकडाचा होता त्याला वाळवी लागली होती. मी म्हटलं, येईल. मग ते म्हणाले, "आमाला भारा नको. जत्रंला गावाचा काम कराचा. गावाला लागंल तवा हॉल खाली कराचा. बाकी तुमचा तुमी बगा."

भाड्याऐवजी काम, हाच तिथला रिवाज होता. काका वर्षाला गावच्या नाटकाचे पडदे करायचे, उस्मानभाई भजनी मंडळाच्या पेट्या बघायचे, मी वाघ केला आणि पुढे दरवर्षी त्याला रंगवत राहिले. आमच्या वस्तीतल्या काहींनी मला टोमणे मारले, बुद्ध करणारी बाई देवीचा वाघ रंगवते म्हणून. मी त्यांना म्हटलं, मला खोली द्या, मी वाघ सोडते. कोणी दिली नाही.

गावात कोणी वारलं की आम्ही तिघं अर्धवट काम उचलून मागे न्यायचो. काकांचा पडदा ओला असेल तर तो चौघांनी धरून बाहेर कुंपणावर टाकायचा. एकदा जंगलाचा पडदा असा घाईत दुमडला आणि झाडांची पालवी आकाशाला लागली. काकांनी तो तसाच ठेवला. म्हणाले, वादळ झालं समजा. कुणाचा राग नसायचा, कारण त्याच हॉलमध्ये पुढच्या आठवड्यात साखरपुडा असायचा आणि आम्हाला जेवायला बोलावणं असायचं.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कच्या एका नव्या बिल्डिंगसाठी दारात ठेवायला रोमन बाईचा पुतळा करून दिला होता, खांद्यावर घडा घेतलेली. महिन्याभराने तिथल्या महिला मंडळाने तो परत आणला. तिला जरा व्यवस्थित कपडे घाला म्हणाल्या. मी तिला फायबरची नऊवारी नेसवली आणि अंबाडा घातला. घडा तसाच ठेवला. ती खाडीवरून पाणी आणणाऱ्या गावातल्या बाईसारखी दिसायला लागली आणि पाटीलबाबांच्या बायकोने ती बघून विचारलं, ही कोनाची सून? मराठवाड्यातल्या एका विहाराची माणसं आली, त्यांना बुद्धाचे डोळे पूर्ण मिटलेले नको होते, उघडेही नको होते. माती ओली ठेवून मी त्यांना खोलीत बसवलं आणि पापण्या वरखाली करत राहिले. ती मूर्ती माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली. एवढा वेळ भाड्याच्या जागेत कोण देऊ शकतं? तेव्हा मला वाटायचं आपण हुशार म्हणून चांगलं काम होतंय. खोली गेल्यावर कळलं की अर्धी हुशारी खोलीची होती.

दोन हजार सालानंतर मीरा रोडच्या बाजूने इमारती गावाच्या अंगावर यायला लागल्या. रस्ता रुंद झाला आणि वखारीपर्यंत ट्रक यायला लागले. मग एका बिल्डरने गावकीपुढे प्रस्ताव ठेवला. वखार पाडायची, वर टॉवर, खाली गावाला एसी हॉल. गावातली तरुण मंडळी तयार होती. पाटीलबाबांचा मुलगा मनोज तेव्हा सगळं बघायला लागला होता. गावकीचा त्याने रीतसर ट्रस्ट केला होता. तो मला म्हणाला, "ताई, लग्नात बायकांना बाथरूमला शेजारच्यांकडे जायला लागतं. वखार वखार करून काय करणार आपण?" त्याचंही खोटं नव्हतं.

आमचं काय होणार हे कोणी बोलत नव्हतं. आम्ही भाडेकरू नव्हतो, मालक नव्हतो. शब्दावर बसलो होतो.

त्याच सुमारास एक आर्किटेक्ट मॅडम तिथे यायला लागल्या. मुंबईहून बेव्हर्ली पार्कला नव्याने राहायला आलेल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आणलं. मी मनात म्हटलं, रेझिनचा वास लागला असेल. पण बाई मनापासून होत्या. आजही मी त्यांना खोट्या म्हणणार नाही. त्यांनी वखार बचाव समिती काढली, आम्हा तिघांना त्यात घेतलं. कलाकार आहेत म्हणून ही वास्तू जिवंत आहे, असं त्या प्रत्येक ठिकाणी सांगायच्या. आम्हाला बरं वाटायचं. इतकी वर्षं आम्हाला कोणी कलाकार म्हटलं नव्हतं. आम्ही पेंटर, पेटीवाला आणि मूर्तीवाली बाई होतो.

मॅडमची एक गोष्ट बरोबर होती. त्या म्हणाल्या, गावाला ही इमारत दिसतच नाही, रोजची आहे म्हणून. ती दिसली पाहिजे. काका म्हणाले, दाखवतो.

त्यांनी पडदा घेतला, नाटकाच्या पडद्यापेक्षाही मोठा. हॉलभर अंथरला आणि त्याच्यावर वखार रंगवली. मी खूप पडदे बघितलेत, पण तसा कधी नाही बघितला. सकाळचं ऊन दगडांवर तिरकं पडलेलं, कौलांवर शेवाळाचा हिरवा, मागे खाडीचं पाणी. दगडाला जिथे जिथे मीठ फुटायचं तिथे त्यांनी पांढऱ्याचा हलका हात दिला होता आणि तेच सुंदर दिसत होतं. दारं सताड उघडी, आतला हॉल स्वच्छ, रिकामा, लांबपर्यंत उजेड गेलेला.

मी बघत राहिले आणि मग मला जाणवलं की पडवीत माझी रेझिनची पिंपं नाहीत. रेझिन ओतायला मी बाहेर उभारलेल्या पत्र्याच्या छपरीचा पत्ता नाही. उस्मानभाईंच्या उघड्या पेट्या बाहेर उन्हात असायच्या, त्या नाहीत. मी विचारलं, "काका, आम्ही कुठे आहोत?"

काका ब्रश धूत होते. म्हणाले, "पडद्यावर माणूस काढत नाहीत गं. माणूस काढला की लोक त्याच्याकडेच बघत बसतात, तो हलत नाही म्हणून खोटा वाटतो, आणि पुढचा नट वाया जातो. माणसं पुढे उभी राहतात. पडदा मागचा."

हा त्यांच्या धंद्याचा नियम होता आणि त्यांनी तो जन्मभर पाळला होता. मला पटलं. उस्मानभाईंना पटलं. मॅडमना तर फारच पटलं, त्या म्हणाल्या किती स्वच्छ रचना आहे. नाटकात पडद्यापुढे माणसं उभी राहतात हे खरं. पण हा पडदा नाटकाचा नव्हता आणि त्याच्यापुढे आम्ही कधीच उभे राहणार नव्हतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जत्रेला तो पडदा मैदानात लावला. मागून दिवे सोडले. गाव लोटला. म्हाताऱ्या बायका पुढे येऊन कापडाला हात लावत होत्या. पाटीलबाबांना दोघांनी धरून आणून खुर्चीत बसवलं होतं. मनोज माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "आपली वखार अशी हाय?" एरवी माझ्याशी तो असा गावच्या बोलीत कधी बोलायचा नाही. पुढच्याच बैठकीत ट्रस्टने बिल्डरला नकार कळवला. काकांना खांद्यावर घेऊन पोरं नाचली. मीही नाचले. त्या आनंदाची मला आज लाज वाटत नाही, चीड येते.

पाडायचं नाही ठरल्यावर दुरुस्तीचा विषय आला. मॅडमनी धडपड करून सरकारी निधी आणला. नेत्यांनी पडद्यापुढे उभं राहून फोटो काढले. हेच पाहिजे, असंच झालं पाहिजे, असं म्हणून तो पडदाच त्यांनी आराखडा म्हणून धरला. दुरुस्तीपुरत्या खोल्या रिकाम्या करा, काम झालं की परत या, असं आम्हाला सांगितलं. गावाला लागेल तेव्हा खाली करायचं हा तर आमचा रिवाजच. आम्ही कधी नाही म्हटलं नव्हतं. आम्ही सामान उचललं आणि पुन्हा यायच्या बोलीवर निघालो.

काम छान झालं, खोटं कशाला बोलू. दगड घासून काढले, कौलं बदलली, जमिनीला पॉलिशची फरशी आली. बाथरूम झाली. जिथे माझी छपरी होती तिथे आता हिरवळ आहे. बरोबर पडद्यातल्यासारखी वखार झाली, स्वच्छ आणि रिकामी. तिला सांस्कृतिक केंद्र नाव मिळालं.

आम्ही परत गेलो तेव्हा नियमांची पाटी लागली होती. आत रंग आणायचा नाही, ज्वलनशील पदार्थ आणायचे नाहीत, ठोकाठोक करायची नाही, धूळ होईल असं काम करायचं नाही. मागच्या खोल्या ऑफिस, पॅन्ट्री आणि पाहुण्यांची खोली झाल्या होत्या. उस्मानभाई पाटी वाचून म्हणाले, "बिल्डिंग तो बच गयी, मुबारक हो. अब हम अपना सामान किधर लेके जाएँ?"

मी पाटीलबाबांकडे गेले. ते अंथरुणाला खिळले होते. म्हणाले, "मी सबूद दिल्ता, माला याद हाय. पन आता माजा चालत न्हाय, पोरी. आता टरस्ट हाय." मनोजकडे गेले. तो कानकोंडा झाला. निधीच्या अटी आहेत, त्याच्या हातात काही नाही म्हणाला. मग मॅडमकडे गेले.

मॅडमनी चहा दिला. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. म्हणाल्या, "कुसुमताई, तुम्ही असं का धरून बसता? केंद्र तुमचंच आहे. कलाकारांना सवलत ठेवलीय. तुम्ही प्रदर्शन भरवा ना."

मी म्हटलं, "मॅडम, प्रदर्शन भरवायला आधी काहीतरी बनवावं लागतं. ते कुठे बनवू?"

त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. अशा माणसांना झालेली वस्तू आवडते, होत असलेली आवडत नाही. मूर्ती हवी, माती नको. गाणं हवं, पेटीचा उघडा भाता नको. मी चहा अर्धा ठेवून उठले. हे उद्धट झालं, पण मला पश्चात्ताप नाही.

उस्मानभाई वसईच्या पुढे कुठे तरी गेले. गिऱ्हाइकं मीरा-भाईंदरची आणि दुकान तिकडे, मग धंदा तुटत गेला. मी मीरा रोडलाच हाटकेशला एक गाळा भाड्याने घेतला. भाडं निघावं म्हणून मिळेल ते केलं. मॉलचे डायनासोर, लग्नाच्या मंडपाचे हत्ती, आइस्क्रीमचा मोठा कोन. डोळ्यांच्या पापण्या वरखाली करत बसायला वेळ राहिला नाही. पुढे गाळ्याचं भाडं आणखी वाढलं आणि तोही सोडला. मोठा बुद्ध मी वखार सोडल्यापासून केलेला नाही.

काका मुलीकडे पूनम सागरला गेले. फ्लॅटमधली सगळ्यात मोठी खोली पडद्याच्या एका कोपऱ्याएवढी. मुलगी चांगली, तिने त्यांना ड्रॉइंगची वही आणि रंगपेटी आणून दिली. काकांनी ती नातवाला दिली. मी भेटायला गेले की ते खिडकीशी बसलेले असायचे. एकदा चहाचा कप हातात धरून म्हणाले, "कुसुम, माणसं काढायला हवी होती का गं?"

मी हो म्हणाले. दुसरं कोणी असतं तर नाही म्हणालं असतं, म्हाताऱ्याचं मन राखायला. पण आयुष्यभर काम केलेल्या माणसाने कामाबद्दल विचारलं तर खरंच उत्तर द्यावं लागतं. काकांनी मान हलवली. म्हणाले, तुझी पिंपं तिथे निळी चांगली दिसली असती. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि त्या वर्षी ते गेले. त्यांचं दहावं वखारीत करता आलं नाही. हॉल कुठल्याशा कार्यक्रमाला दिलेला होता आणि आता तो कोणासाठी रिकामा करत नाहीत.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मॅडमचा फोन आला. केंद्र ओकंओकं वाटतं, अशी लोकांची तक्रार होती. इथे पूर्वी काय चालायचं ते येणाऱ्यांना कळत नाही. म्हणून पडवीत एक पुतळा बसवायचं ठरलं होतं, रंगवत असलेल्या चित्रकाराचा, माणसाएवढा, फायबरचा. त्यांना तो काकांचा हवा होता. आणि तो माझ्याशिवाय कोण करणार, असं त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी रडले. मला ते काम हवं होतं. काकांची पाठ कशी वाकायची, ब्रश धरताना अंगठा कुठे असायचा, कापडावर पाय टाकताना ते टाच आधी टेकवायचे नाहीत, हे सगळं माझ्या हातात होतं. गाळा सोडलेला होता. मी मॅडमना परत फोन करून म्हटलं, पैशांचं तुम्ही ठरवाल ते, मला फक्त मागची एक खोली द्या, पुतळा होईपर्यंत. काकांचा पुतळा काकांच्या जागेत करते.

त्या म्हणाल्या, कमिटीला विचारते. कमिटीने विचार केला. पॉलिशची फरशी, वास, धूळ, शिवाय बुकिंगं होती. मॅडमनी फार हळुवारपणे नाही सांगितलं.

पुतळा बाहेरून करून आणला. मी एके दिवशी दुपारी जाऊन बघितला. भोवती पितळी खांब आणि लाल दोरी. चित्रकार स्टुलावर बसलाय, डोक्याला फेटा आहे, समोर उभ्या चौकटीवर छोटंसं चित्र आहे, डाव्या अंगठ्यात रंगांची पाटी अडकवलीय. काका जन्मात कधी बसून रंगवत नव्हते. फेटाही नव्हता. एक जोडपं लहान मुलाला पुढे उभं करून फोटो काढत होतं. मी दोरीवरून वाकून बघायला लागले तर वॉचमन म्हणाला, "बाई, हात लावू नका."

मी हात लावला नाही. मागच्या बाजूला गेले. कानामागून मानेपर्यंत, साच्याचे दोन तुकडे जिथे जुळतात, तिथली रेघ तशीच राहिली होती. तिला आम्ही शिवण म्हणतो. ती राहू दिली की चांगला चेहराही मेलेला दिसतो. रंगवण्याआधी घासलेली असली तरी पुतळा जागेवर बसवला की शिवण शेवटची एकदा घासून घ्यायची असते. फार वेळ लागत नाही त्याला. धूळ मात्र उडते.